जावेची झोप

“वयनीन,” जाऊ म्हणाली.

डोळे मिटलेले, मान कलती, एक हात मांडीवर, दुसरा अर्धा वर उचललेला. आवाज अगदी सरळ, शाळेत पोरं हजेरी देतात तसा. सासऱ्यांनी विचारलं होतं, “आमचा पोर कोणी खाल्ला?” आणि तिनं हे उत्तर दिलं. त्या घरात ती वयनी म्हणायची अशी एकच बाई होती. मी.

कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं, मीही उलट ओरडले असते. सासूनं पदर तोंडाला लावला. दीर, म्हणजे जावेचा नवरा, खांबाला टेकून उभा होता, तो हळूच खाली बसला. सासरे हात जोडून तसेच उभे. आणि ज्यांनी जावेला ती झोप लावली होती ते शाळेचे मास्तर कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, बसून माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्याकडे. त्यांना त्या घरात मीच आणलं होतं.

आमचं घर सर्वणला, डिचोलीजवळ. माहेर माझं पेडण्यातलं, हळर्णचं. गोवा मुक्त होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. नवरा खाणीवर मातीचा ट्रक चालवायचा, दीर शेत बघायचा. मला दोन मुलं होती, थोरला मुलगा आणि तीन वर्षांची मुलगी. जावेला एकच झालं होतं, मुलगा, अकरा महिन्यांचा. तो चवथीच्या आधी तापानं गेला.

त्यानंतर जावेची झोप गेली. ती रडली असती तर मला कळलं असतं. ती चालायची. ओसरीवरून मागच्या दारी, मागच्या दाराकडून ओसरीवर. पाय घासत. मी चुलीपाशी असले तरी तो आवाज, विहिरीवर गेले तरी कानात तोच. इस्पितळातल्या दोतोराने गोळ्या दिल्या, त्या तिच्या पोटात टिकत नसत. डोळे खोल गेले, ताटात हात घालून बसायची आणि जेवायचं विसरायची.

लोक अजून म्हणतात की मी जावेच्या मायेपोटी मास्तरांना बोलावलं. तसं काही नाही. मला तो पायांचा आवाज सोसवत नव्हता.

मास्तर सावंतवाडीकडचे. कोल्हापूरला एका शिबिरात जाऊन संमोहन शिकून आले होते आणि टपालानं मागवलेलं एक जाड पुस्तक त्यांच्याकडे होतं. एवढंच त्यांचं शिक्षण. पण माझा मुलगा सात वर्षांचा होऊनही अंथरूण भिजवायचा. मास्तरांनी त्याला शाळा सुटल्यावर तीनदा समोर बसवून, डोळे मिटायला लावून काहीतरी सांगितलं, आणि ते थांबलं. मुलाला विचारलं, मास्तर काय म्हणाले? तर म्हणाला, “काय नाय. ऊठ म्हणाले.” मला तेवढं पुरे होतं.

गुरुवारी दुपारी ते आले. जावेला भिंतीशी बसवलं, पेनाचं टोपण तिच्या डोळ्यांसमोर धरलं आणि दहापासून उलटे आकडे म्हणायला लागले. मधेमधे सांगत होते की पापण्या जड झाल्या, पाय जड झाले. दोनला तिची मान कलली. कितीतरी आठवड्यांनी ती बाई एका जागी स्थिर झाली. घर इतकं गप्प झालं की आपणही स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकावं असं मला वाटलं.

मास्तर म्हणाले, “तुम्हाला माझा आवाज ऐकू येतोय. घरच्यांचा आवाजही ऐकू येईल. ते जे बोलतील ते तुमच्या भल्याचंच असेल.” पुढे म्हणाले, “आता तुमचा उजवा हात हलका झालाय. आपोआप वर येतोय.”

हात वर आला. थरथरत, कोणी दोरीनं ओढल्यासारखा.

सासूनं ते बघितलं आणि म्हणाली, “भार इलो!”

यात सासूची चूक काय काढायची. आमच्याकडे देवळात दसऱ्याला देवाचा भार ज्याच्या अंगावर येतो त्याचा हात असाच थरथरत वर जातो. मग त्याच्यापुढे उभं राहून गाऱ्हाणं घालतात, विचारायचं ते विचारतात, तो सांगतो ते देवाचं सांगणं. हे आम्ही जन्मापासून बघितलेलं. पेनाच्या टोपणानं हात वर जातो हे कोणी बघितलं होतं?

सासरे उठले. खांद्यावर पंचा टाकला, हात जोडले आणि सुरू झाले, “बा देवा म्हाराजा! ह्या घरात जा काय इपरीत घडला, ता थोरल्याकडसून घडला की धाकट्याकडसून, घरच्याकडसून घडला की दारच्याकडसून, ता ह्या लेकराच्या तोंडान सांग रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सासू म्हणाली, दीर म्हणाला, मी म्हणाले.

मास्तर आधी म्हणत होते, “अहो, थांबा, हे तसं नाही, हे वेगळं आहे.” पण गाऱ्हाणं सुरू झालं की मधे तोंड घालायचं नसतं, आणि मास्तर आमच्यासारखेच, त्यांच्याही गावात गाऱ्हाणं घालतात. सासऱ्यांनी दुसऱ्यांदा म्हाराजा म्हटलं तेव्हा मास्तरही “व्हय म्हाराजा” म्हणाले. मी त्यांच्या तोंडाकडेच बघत होते. ओठ आपोआप हलले. त्या ओसरीवर आम्ही सहा जण होतो. त्या वेळी पुरतं जागं कोण होतं, मला सांगता येणार नाही.

मग सासऱ्यांनी विचारलं आणि तिनं सांगितलं.

मास्तरांनी घाईघाईनं आकडे मोजून तिला उठवलं. डोळे उघडून ती म्हणाली, “वयनी, माका पाणी दी गो.” तिला काहीच आठवत नव्हतं. मी पाणी आणलं. सासूनं पेला माझ्या हातातून मधेच काढून घेतला, पाणी अंगणात ओतलं आणि दुसऱ्या पेल्यानं तिला स्वतः पाजलं. तेव्हा मला कळलं की हे आता आपोआप निवळणार नाही.

तिन्हीसांजेला नवरा आला. पायांची लाल माती धूत बसला होता, तेवढ्यात सासऱ्यांनी ओसरीवरून सांगून टाकलं. सोमवारी देवळात कौल घ्यायचा. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावून विचारायचं, उजवी पडली तर जाऊ म्हणाली ते खरं, डावी पडली तर खोटं.

“उजवी पडली तर हिका हळर्णाक धाडची,” ते म्हणाले. “पोरां हंय रवतली.”

मी नवऱ्याजवळ गेले. “आयकलांत?”

“आयकलंय.”

“मगे?”

“डावी पडली तर काय प्रश्नच नाय.”

“आणि उजवी पडली तर?”

त्यानं साबण घेतला आणि धुतलेला पाय परत धुवायला लागला. वाईट माणूस नव्हता. बापापुढे त्याला तोंड नव्हतं. त्या काळच्या पुष्कळ पुरुषांना नव्हतं, पण मला झळ एकाच्याच तोंड नसण्याची बसत होती.

मधले दिवस मी कसे काढले ते सांगण्यासारखं नाही. एकच तोप मी तीनदा घासला. मुलगी माझ्याकडे धावली की सासू म्हणायची, “हंय ये गे, थंय नको,” आणि पोर मधेच थबकून दोघींकडे बघायची. जाऊ चालतच होती. आता मीही चालायला लागले. ती ओसरीकडे तर मी मागच्या दाराकडे. मधल्या खोलीत गाठ पडायची.

असंच एकदा तिनं विचारलं, “वयनी, झाला काय? सगळी अशी कित्याक वागतत?”

तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. “तू झोपेत सांगितलंस, पोर मी खाल्ला म्हणून.”

“मी?”

“तूच.”

“मी असा कित्याक सांगान?”

“ताच मी तुका विचारतंय.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग वळली आणि चालायला लागली.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत मी शाळेत गेले. “मास्तर, काय करून ठेवलांत ता तुमका कळता?”

“वहिनी, जरा हळू. मुलं आहेत इथे.”

“माझी पण मुलां आसत. सोमवारी जातली.”

ते मला शाळेच्या मागे घेऊन गेले. एका मुलाची पाटी घेतली आणि तिच्यावर तीन आडव्या रेघा ओढल्या. वरचं मन जागं असतं, ते राखणदार. आत काय सोडायचं, काय नाही, ते ठरवतं. त्याच्या खाली दुसरं, त्यात ऐकलेलं-बघितलेलं सगळं जाऊन पडतं. त्याच्याही खाली आणखी एक, जे श्वास चालवतं, भूक लावतं. “तीन मजले समजा,” ते म्हणाले. “संमोहनात राखणदार बाजूला बसतो. जात नाही, बसतो फक्त. मग मधल्या मजल्याशी सरळ बोलता येतं.”

“आमच्या घराक एकच मजलो,” मी म्हटलं. “वर माळो, थंय नारळ. असा सांगा की माका समजात. मधला मन खरा बोलता काय खोटा?”

ते हसणार होते, पण माझं तोंड बघून थांबले. “दोन्ही नाही. खरंखोटं बघणं हे राखणदाराचं काम. खालचं मन विचारणाऱ्याचा कल बघतं आणि त्याला हवं ते देतं. तुमच्या सासऱ्यांनी गाऱ्हाण्यात पहिल्यांदा थोरल्याचं नाव घेतलं, तिनं तेच उचललं. आणि घरच्यांचं ऐका असं तिला मीच सांगून ठेवलं होतं. चूक माझी आहे.”

मी चौथी शिकलेली. मजले वगैरे मला जमेना, तर मी माझ्या रीतीनं समजून घेतलं. पेज थोडी ठेवली की वर निवळ येतं, खाली शितं बसतात. दिवसभर आपण बोलतो ते निवळातून. मास्तर डाव खालपर्यंत घालतात. पण डावात काय येईल, किती गढूळ होऊन येईल, ते डाव घालणाऱ्या हातावर असतं. त्या दिवशी डाव मास्तरांचा आणि हात सासऱ्यांचा होता.

“मग हेच घरात येऊन दाखवा,” मी म्हटलं.

“वहिनी, ते ऐकणार नाहीत. मला गावात राहायचंय.”

“माका पण रवाचा आसा.”

ते पाटी पुसत बसले. खूप वेळ पुसली. मग म्हणाले, “तिला असं काहीतरी विचारायला हवं जे खोटं आहे हे सगळ्यांना माहीत आहे. पण मी विचारून उपयोग नाही. मी शिकवून ठेवलं म्हणतील. घरातल्यानं विचारायला हवं.”

रविवारी दुपारी ते आले; नवरा त्या दिवशीही खाणीवर होता. सासऱ्यांना म्हणाले की गुरुवारची झोप अर्धवट सुटली, ती पुरी सोडवली नाही तर हिला कधीच झोप लागायची नाही. हे खरं होतं की थाप, मी विचारलं नाही. मास्तर या शब्दाला तेव्हा गावात मान होता. सासरे म्हणाले, “करा.”

परत टोपण, परत आकडे. या वेळी तिची मान पाचलाच कलली. मास्तर सासऱ्यांकडे वळले. “आता तुम्हीच विचारा. देवळातली मोठी घांट कोणी चोरली, असं विचारा.”

ती घंटा सकाळच्या पूजेला आम्ही सगळ्यांनी ऐकलेली. सासरे तांबडे झाले. “देवाची मस्करी करतास? माझ्या घरात येवन?”

मला वाटलं, संपलं. मास्तरांनी मान खाली घातली. मी काही बोलणार तर माझं बोलणं कोण धरणार? तेवढ्यात दीर उठला. मूल त्याचं गेलं होतं. गुरुवारपासून तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता आणि त्याच्या मनात काय चाललंय ते कोणालाच ठाऊक नव्हतं. तो बायकोसमोर उकिडवा बसला.

“देवळातली घांट कोणी चोरली?”

ती गप्प.

“आमच्या बापायन चोरली?”

“व्हय.”

“खंय दवरल्यान?”

“माळ्यार.”

“माळ्यार खंय?”

“गोणपाटात. नारळांच्या मागे. जड आसा. एकट्याक उचलना नाय.”

सासूनं मान वर करून माळ्याकडे बघितलं. तिला हसावं की काय ते कळेना. सासऱ्यांनीही बघितलं, अगदी क्षणभर, आणि त्यांना तसं बघताना मी पाहिलं हे त्यांच्या लक्षात आलं.

“पुरे,” मास्तर म्हणाले. “आता तिला झोपू द्या.”

पण दीर थांबला नाही. “पोर कोणी खाल्ला? माझ्या आवयन?”

“व्हय.”

“मगे बापायन?”

“व्हय.”

“ह्या मास्तरान?”

“व्हय.”

“मी?”

“व्हय.”

प्रत्येक वेळी तोच आवाज, हजेरीचा. मग तो म्हणाला, “आणि तू?” तर त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आधीच तिच्या तोंडून “व्हय” निघालं. हा आवाज हजेरीचा नव्हता. मिटल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, गालावरून गळ्यापर्यंत, तिनं पुसलं नाही. दीर तिच्यासमोर तसाच बसून राहिला. मास्तर पुढे झाले, त्यांनी त्याला हाताला धरून बाजूला केलं आणि तिला सांगितलं की तुम्ही मुलाचं काही केलेलं नाही, आता पुष्कळ झोपायचं. आम्ही दोघींनी तिला उचलून आत नेलं, मी आणि सासू. ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपली. मधे एकदा मी तिच्या नाकापुढे हात धरून बघितला.

सोमवारी कौल घ्यायला कोणी गेलं नाही. सासरे म्हणाले, “ढोपार दुखता.” दुसरं काही म्हणाले नाहीत, त्या दिवशीही नाही आणि मरेपर्यंतही नाही. सासूनं संध्याकाळी माझ्या हातचं पाणी घेतलं. मुलगी येऊन माझ्या मांडीवर बसली. मला वाटलं होतं मी रडेन. मला इतका राग आला होता की रडू आलंच नाही.

जाऊ त्यानंतर झोपायला लागली. तिची झोप परत आली आणि माझी गेली.

कारण मास्तरांना मी एक गोष्ट सांगितली नव्हती. मुलाला ताप आला त्या संध्याकाळी दीर त्याला घेऊन म्हापशाच्या इस्पितळात जायला निघाला होता. चपला घातल्या होत्या. मी म्हटलं, “फाल्यां व्हर. आज पेजेचा निवळ दी. माझ्या पोरांका दोन फावट असोच ताप इल्लो.” मी थोरली, दोन मुलं वाढवलेली, उद्या ने म्हटलं तर माझं ऐकलं त्यानं. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलाला आचके आले. एक दिवस आधी नेला असता तर वाचला असता का, दोतोरालाही सांगता आलं नाही. मी त्याला दोनदा विचारलं.

रविवारच्या खेळानं एवढंच कळलं की झोपेतली बाई विचारू त्याला व्हय म्हणते. मी सुटले, मुलं माझ्याजवळ राहिली. पण गुरुवारी सासऱ्यांनी तिला नाव सुचवून, वयनीन काय, असं विचारलं नव्हतं. कोणी, एवढंच विचारलं होतं. मास्तर म्हणाले की तिनं गाऱ्हाण्यातला थोरला उचलला. असेल. गाऱ्हाण्यात धाकटाही होता, दारचाही होता. तिनं मलाच का उचललं? खाली बसलेल्या शितांत ते “फाल्यां व्हर” पडलेलं होतं म्हणून? मी मास्तरांचं ते जाड पुस्तक मागून आणलं आणि बोट ठेवून ठेवून वाचलं. अर्धं कळलं नाही. जे कळलं त्यात माझं उत्तर नव्हतं.

एकदा तर मी मास्तरांना म्हटलं, मलाही झोपवा आणि विचारा, मी मुद्दाम सांगितलं की चुकून. माझी एकदोनदा जावेशी भांडणं झालेली होती, माझ्या मनात काय होतं ते मलाच बघायचं होतं. ते म्हणाले, “वहिनी, तुम्ही जे ऐकायच्या तयारीनं बसाल तेच येईल.” मग बसलेच नाही.

पुढे पुष्कळ वर्षांनी आम्ही दोघी अंगणात कोकमाची सोलां वाळत घालत होतो. हात लाल झालेले. ती सोल उलटत म्हणाली, “वयनी, त्या दिसा तू फाल्यां व्हर म्हणालेलंस.”

“व्हय.”

“माका आठवता.”

“झोपेत सांगितलंस ता ताच?”

“झोपेतला माका काय्येक आठवणा नाय. मी जागेपणातला सांगतंय.”

“माका पण आठवता,” मी म्हटलं.

ती म्हणाली, “माका ठावक आसा,” आणि चटईच्या दुसऱ्या टोकाला गेली, कारण तिकडची सोलां अजून ओली होती.

सासरे गेले, त्यांच्यामागून सासू गेली. दीर गेला. मास्तर बदली होऊन आपल्या गावाकडे गेले आणि तिथेच वारले असं कळलं. माझा नवराही गेला, पण तो त्या गुरुवारी खाणीवर होता. ओसरीवरच्या सहा जणांपैकी आम्ही दोघी आहोत, मी आणि ती. माझी दोन्ही मुलं आहेत. तिला पुढे मूल झालं नाही.